मधल्या सीटवरचा माणूस

आमच्या घरात गाडी बायको चालवते. पुढे सहा फुटी चिरंजीव, मागे खिडक्यांशी आई आणि आत्या, आणि मधे मी. दरवर्षी पुण्याहून गावी जाताना गणपती मांडीवर आणि गाडीच्या फरशीत मधोमध असतो तो उंचवटा दोन पायांत घेऊन मी ताम्हिणी घाट उतरतो. इलेक्ट्रिक गाडीत त्याखालून जाणारा सायलेन्सरचा पाईप नसतो, म्हणून तो उंचवटाही बहुतेक जातो, हे कळल्यावर रेंज, चार्जिंग वगैरे क्षुद्र प्रश्न मला पडलेच नाहीत.

नवी गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची ठरली. चिरंजीव मोबाइलवरून दोन गाड्यांचे आकडे वाचत होते. नेक्सॉन ईव्हीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४९८ मिलिमीटर, विंडसरचा २७००. म्हणजे जवळजवळ वीतभर फरक. इथवर समजलं. पण डिकी लिटरमध्ये! एकीची ३५०, दुसरीची ६०४. रॉकेल भरायचंय का त्यात? मी माळ्यावरची हापूसची रिकामी पाच डझनी पेटी काढली आणि खांद्यावर घेऊन शोरूम गाठलं. दारातला वॉचमन म्हणाला, "काका, आत आंबे विकायला परवानगी नाही."

यादीतल्या पहिल्याच गाडीत पेटी बसली. मीही मधे बसलो. दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली. कित्येक वर्षांनी भेटली बिचारी.

मग आई बसली आणि तिचे गुडघे पोटाशी आले.

"हे काय रे, पाटावर बसवलंस? वाढा आता ताट."

"आजी, फरशीखाली बॅटरी आहे ना," सेल्समन म्हणाला. पेट्रोलगाडीच्याच सांगाड्यात बॅटरी बसवली की फरशी वर येते. सीटही तेवढीच उचलावी, तर डोकं छताला; म्हणून ती खालीच राहते. मग मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार बैठकीवर येतो. आईने मांडीखाली जपाची पिशवी सरकवून पाहिली. सहज गेली.

"आणि तापली म्हणजे?" आत्या.

"थंड ठेवायची सोय असते, काकू."

"मग हुडहुडी भरेल."

म्हणजे माझा उंचवटा गेला, तो आईच्या गुडघ्यांत शिरला.

मग दुसऱ्या शोरूममध्ये विंडसर पाहिली. तिच्या मागच्या सीटची पाठ १३५ अंशांपर्यंत कलते. आईने ती कलवली, पाय पुढे सोडले आणि वॉरंटी ऐकता ऐकता झोपली. "उठवू नका, पसंत आहे," आत्या म्हणाली. पण बायकोचा हात पहिल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला होता, आणि चालवणारीपुढे बोलणार कोण?

तोडगा आईनेच काढला. ती आता पुढे बसते, सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे घेऊन. तिच्यामागे चिरंजीव, गुडघे हनुवटीला. मधे मीच, मांडीवर गणपती. जिथे उंचवटा असायचा, तिथे चिरंजीवांचा दहा नंबरचा बूट असतो.