वाघ वाचवायचा गेम नको, गाय गमावलेल्याचा हवा

ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह आला की गोव्यातल्या शाळांतून वाघाची चित्रं रंगतात, घोषवाक्यं होतात, बक्षीस मिळतं, संपलं. त्यापेक्षा पोरांना चांगला व्हिडिओ गेम द्या, असं माझं मत आहे. हसा खुशाल.

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा २०१८चा गेम. १८९९ची अमेरिका, घोडे, बंदुका, दरोडे. निसर्गशिक्षणाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण त्यात सुमारे २०० जातींचे प्राणी-पक्षी फिरतात. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना १५ प्राण्यांची छायाचित्रं दाखवली. हा गेम खेळलेल्यांनी सरासरी १० ओळखले, न खेळलेल्यांपेक्षा तीन जास्त. कुणी शिकवलं नव्हतं. शिकार करायची तर प्राणी बघावा लागतो, एवढंच.

अर्थात नावं ओळखणं ही पहिली पायरी. २०२०च्या 'अल्बा' या गेममध्ये एक छोटी मुलगी बेटावर पक्ष्यांचे फोटो काढते आणि राखीव जंगलात येऊ घातलेलं हॉटेल अडवायला धडपडते. (गोंयकारांना कथा नवी नाही.) गोड गेम आहे. पण त्यात कोण चांगलं, कोण वाईट हे पहिल्यापासून ठरलेलं.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तसं नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले. तेव्हा सोशल मीडियावर आपण सगळे दोन दिवस वाघाचे झालो. वाघानं ज्यांची गुरं मारली, त्यांच्या गोठ्याच्या बाजूनं बोलणारे किती होते?

म्हणून गेममध्ये मला वनरक्षक व्हायचं नाही. माझी दुभती गाय वाघानं मारलीय. पंचनामा व्हायचाय, भरपाई कधी मिळेल ठाऊक नाही, दुधाचे पैसे आजपासून बंद. वाघ रात्री त्याच मढ्यावर परत येणार आणि कुणीतरी कानात सांगतंय की त्यात औषध घाल. विष घातलं तर कोल्हा मरतो, गावचं कुत्रंही मरतं. नाही घातलं तर पुढच्या आठवड्यात दुसरी गाय जाऊ शकते. आता बटण दाबा. पोस्टर माणसाला या जागी उभं करू शकत नाही; गेम करतो, कारण तिथं निर्णय खेळणाऱ्याचा असतो.

आणि जिंकणं सोपं ठेवू नका. भरपाईचा अर्ज एकदा तरी परत आलाच पाहिजे!

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं हे सहज करतील. भाषा मराठी-कोंकणी ठेवा. पण पहिल्यांदा खेळायला द्या सत्तरीतल्या गुरं पाळणाऱ्यांना, आणि ते जिथं "असं नसतं रे बाबा" म्हणतील, तिथून परत लिहायला घ्या.