लाचेची तक्रार केली तर आपणच अडकतो? खुलासा

ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : '२०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार. तक्रार केलीत तर तुम्हीच सात वर्षं आत जाल. मुकाट्यानं द्या आणि काम करून घ्या.'

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणूनच मेसेज पटतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये २६ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा केला. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलम ८ मधला पुढचा भाग मेसेजमधून गाळलाय. पैसे भाग पाडून घेतले असतील आणि दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्यावर हा गुन्हा लागू होत नाही. आधी कळवून, सापळ्याला मदत म्हणून पैसे दिले असतील तरीही नाही.

मुळात पैसे देईपर्यंत थांबायचंच कशाला? लाच उकळण्याचा नुसता प्रयत्नही कलम ७ खाली गुन्हा आहे. दोषी ठरलेल्या लोकसेवकाला किमान तीन वर्षं कैद. 'काम नियमातच केलं' ही सबब तिथे चालत नाही. हा मेसेज कुणाच्या सोयीचा आहे, ते वेगळं सांगायला नको.

तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. मूळ कायदा 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर वाचता येतो.