अ‍ॅपलचा तो ‘दंड’ मुळात दंड नव्हताच

५ सप्टेंबर २०२५ला युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेने, ऑनलाइन जाहिरातींच्या बाजारातल्या मनमानीबद्दल गूगलला २.९५ अब्ज युरोंचा दंड केला आणि त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प ट्रुथ सोशल या स्वतःच्या समाजमाध्यमावर भडकले. त्याचा मराठी गोषवारा आमच्या घरच्या ग्रुपवर अजून फिरतोय: युरोप फक्त अमेरिकी कंपन्यांना लुटतो, अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा पैसा पळवतो, अ‍ॅपलला तर १७ अब्ज डॉलरचा अन्याय्य दंड केला, तो परत मिळालाच पाहिजे, नाहीतर कलम ३०१ वापरून हे दंड निष्प्रभ करू. सीए करणाऱ्या माझ्या भाचीने त्याला ‘अगदी बरोबर’ म्हटलं, तेव्हा मात्र राहवेना.

अगं, तो थकलेला कर होता! आणि तो आयर्लंडच्या तिजोरीत जायचा होता. अ‍ॅपलच्या दोन आयरिश कंपन्यांना आयर्लंडने १९९१ आणि २००७मध्ये नफा मोजायची पद्धत ठरवून दिली. तिच्यामुळे युरोपातल्या विक्रीचा बहुतेक नफा एका ‘मुख्य कार्यालया’च्या नावावर जाई. हे कार्यालय कुठल्या देशात? कुठल्याच नाही. त्याला ना कर्मचारी, ना जागा. आयोगाच्या २०१६च्या निर्णयातला आकडा बघ: २०१४ साली अ‍ॅपलने युरोपातल्या नफ्यावर प्रत्यक्षात भरलेला कर ०.००५ टक्के. दहा लाख युरो नफ्यावर ५० युरो! आयर्लंडचा नेहमीचा दर साडेबारा टक्के, म्हणजे तेवढ्याच नफ्यावर १ लाख २५ हजार युरो. सरकारने एकाच कंपनीला अशी सवलत दिली की बाकीच्यांनी स्पर्धा करायची कशी? म्हणूनच ती बेकायदा सरकारी मदत ठरली. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ला त्यावर शेवटचा शिक्का मारला आणि अ‍ॅपलला १३ अब्ज युरो, वर व्याज, सोडावं लागलं. गंमत म्हणजे आयर्लंड स्वतः या खटल्यात अ‍ॅपलच्या बाजूने लढला होता.

एक गोष्ट मान्य करावी लागते. २०२०मध्ये खालच्या न्यायालयाने अ‍ॅपलच्या बाजूने कौल दिला होता, आणि ओबामांच्या काळातल्या अमेरिकी अर्थखात्यानेही आयोगाच्या निर्णयावर आक्षेप घेतला होता. युरोपात भरलेला कर अ‍ॅपल अमेरिकेतल्या करातून वजा करून घेईल, ही त्यांची एक धास्ती होती. म्हणजे वाद कर कुणाच्या तिजोरीत जावा याचाही होता. त्याला दंड म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

गूगलचं म्हणाल, तर १७ एप्रिल २०२५ला व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनीच ऑनलाइन जाहिरातींच्या यंत्रणेत गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. फिर्यादी होतं अमेरिकेचंच न्यायखातं. शोधसेवेवरचा दुसरा खटला तर ऑक्टोबर २०२०मध्ये, ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत दाखल झाला.

‘फक्त अमेरिकी कंपन्या’ हेही खोटं. याच आयोगाने २०१६मध्ये व्होल्वो, दाइमलर, इव्हेको, डाफ या ट्रक बनवणाऱ्यांना मिळून २.९३ अब्ज युरोंचा दंड केला होता. आणि आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, मग आपणही लुटारूच का?

राहिली कलम ३०१ वापरून हे दंड निष्प्रभ करण्याची धमकी. ते कलम अमेरिकेच्या व्यापार कायद्यातलं आहे. त्याखाली युरोपच्या मालावर आयातशुल्क लावता येतं, लक्झेंबर्गचा निकाल फिरवता येत नाही. आणि ते शुल्क भरावं लागतं अमेरिकेतल्याच आयातदाराला.