तर्री, शर्ट आणि चारशे पाहुणे

पांढरा शर्ट घालून तर्री-पोहे खाणाऱ्या माणसाला खरं तर पदक द्यायला पाहिजे. वरचं ते लाल तेल, त्यात पोहणारा हरभरा, आणि तो चमच्यातून निसटला की जमिनीवर कधीच पडत नाही, छातीवरच पडतो.

माझ्याही पडला. बायकोच्या मामेबहिणीचं लग्न, वर्धा रोडवरचं लॉन, भर मे महिना, आणि अंगात खास या दिवसासाठी घेतलेला क्रीम कलरचा लिननचा शर्ट. लॉनच्या बेसिनवर साबणाची वडी घासली तर पिवळा डाग लालभडक झाला, हळद साबणाने लाल होते हे शाळेत प्रयोगात पाह्यलं होतं पण ऐनवेळी कोणाला आठवते. मग गाडीवर तोंडाला बांधलेला दुपट्टा गळ्यात तसाच सोडून ठेवला, तर बायको म्हणे, "काढा न तो, लग्नाले आलो आपण, बँक लुटायले नाही."

काढला. आणि उजवा हात जो छातीवर ठेवला तो मंगलाष्टकं, अक्षता, आहेर सगळं होईपर्यंत तिथेच. डोक्यात एकच, चारशे माणसं फक्त माझ्या खिशाकडे पाहून राहिली. शेवटी मामेसासरे आलेच. "काऊन जी, छातीत दुखून राहिलं का?" झालं, कोणी खुर्ची आणली, कोणी ओवा, एका काकूंनी तर पंख्याचं तोंडच माझ्याकडे फिरवलं आणि तिकडे भटजी घामाघूम.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी याच भानगडीवर प्रयोग केला होता, पेपर 2000 सालचा. पोरांना बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचा टी-शर्ट घालायला लावला, तिकडच्या कॉलेजात लाज वाटावी असा, आणि पाठवलं भरल्या खोलीत. पोरांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी पाह्यलं, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच. इथवर वाचून बरं वाटतं. पण मग त्यांनी मिरवण्यासारखे टी-शर्ट दिले, बॉब मार्ली वगैरे, तेव्हाही अंदाज निम्म्याचाच, आणि ओळखणारे दहातला एकही धड नाही.

म्हणजे डाग दिसत नाही ही आनंदाची बातमी, पण शर्टही दिसत नाही हे कोणी सांगत नाही न बे!

घरी आल्यावर बायकोला विचारलं, डाग फार दिसत होता का. "कोणता डाग?" मी दाखवला. "अय्या, हा शर्ट नवीन आहे?" हे जास्त लागलं, खरं सांगतो. मार्क लिअरी नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणतो की स्वाभिमान म्हणजे गाडीतला पेट्रोलचा काटा, लोक आपल्याला कितपत धरून आहेत तेवढंच तो दाखवतो. माझा काटा त्या दिवशी ओवा खाऊन जरा वर गेला होता, तो इथे परत रिझर्व्हला आला.

रात्री फॅमिली ग्रुपवर फोटो पडले. मी झूम करकरून फक्त स्वतःला पाह्यलं, बाजूला नवरी उभी आहे हे नंतर कळलं. डाग होता, हाताच्या बोटांमधून चांगला डोकावत होता. आता कोणीतरी लिहिणार म्हणून फोन धरून बसलो. पहिला मेसेज मामेसासऱ्यांचा आला, "यात माझे डोळे मिटले आहेत, दुसरा टाका." त्याखाली एका मावशीचा, "माझा अर्धा चेहरा कापला कोणी?"