फ्लेक्सवर कुठलं विमान?

धानोरीतल्या आमच्या कट्ट्यावर अर्धवट वाक्यांची सवय सगळ्यांना आहे. लोहगाव विमानतळावरून सुखोई लढाऊ विमान उठलं की बोलणारा जिथं असेल तिथं थांबतो आणि आवाज विरला की तिथूनच पुढं सुरू करतो. गुरुवारी मात्र मन्या आवाजावर आवाज चढवून बोलतच राहिला.

विषय मंडळाच्या फ्लेक्सचा. १४ डिसेंबर हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचा स्मृतिदिन. हवाई दलात परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. एवढा विमानतळ उशाशी असून आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभेही राहत नाही, हे मन्याला लागलं होतं. कल्पना त्याची, धावपळही त्याचीच. प्रूफ मोबाइलवर आलं होतं. वर तिरंगा, मधे सेखोंचा फोटो, मागं झेपावणारं सुखोई, खाली ‘एकट्यानं शत्रूची सहा विमानं पाडणारे शहीद’, आणि तळाला कार्यकारिणीचे अकरा फोटो.

काकांनी मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटांनी चित्र मोठं केलं. काका हवाई दलात इंजिन फिटर होते.

“हे विमान सेखोंनी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. ते गेल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांनी सुखोई आपल्याकडं आलं. सेखों नॅटवर होते.”

“काका, लांबून बघणाऱ्याला काय कळतंय नॅट का सुखोई? भारी दिसलं पाहिजे.”

“नॅट एवढंसं विमान होतं रे. सुखोईच्या पंखाखाली मावेल असं. एवढ्याशा विमानात बसून ते वर गेले, हे लोकांना दाखवायचं नाही का तुला?”

मग काकांनी १९७१ ची ती सकाळ सांगितली. युद्ध लागेपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमानं नव्हतीच. त्यामुळं ती दरी, तिथली थंडी, सगळंच या वैमानिकांना नवीन. पेशावरहून पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना दोन नॅट उठली, पुढचं घुम्मन यांचं, मागचं सेखोंचं. वर गेल्यावर दोघांची चुकामूक झाली आणि सेखों एकटे उरले. तरी ते सेबरच्या मागं लागले. परमवीर चक्राच्या मानपत्रात लिहिलंय की एका सेबरवर त्यांनी अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. मग बाकीच्यांनी त्यांना घेरलं. विमानाचे अवशेष एका घळीत सापडले. सेखों सापडले नाहीत, पुष्कळ शोधूनही.

“म्हणजे दोनच?” मन्या म्हणाला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला राहवलं नाही. दोनच काय? डोक्यावर सहा विमानं आहेत, धावपट्टी फुटतेय, अशा वेळी हा माणूस विमान पळवत नेतो आणि उठवतो. सगळं मोल त्या उठण्यात आहे. सहा पाडली असं खोटं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार, सहा पाडली म्हणून मोठा. उद्या एखादा शाळकरी पोरगा खरं वाचेल आणि त्याला सेखोंच कमी वाटायला लागतील. ते पाप आपल्या माथी.

अण्णांचा आक्षेप ‘शहीद’ला. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. सैन्यदलं हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत असं सरकारनं संसदेत सांगितलंय, हे त्यांनी ऐकवलं. “आणि आपल्याकडं सावरकरांनी दिलेला हुतात्मा शब्द आहे. हुत म्हणजे आहुती दिलेला. तो लिहा.”

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली पमी म्हणाली, “मग सरावात गेलेल्यांना काय म्हणायचं?”

“तो अपघात,” मन्या म्हणाला. “दुःख आहेच, पण हुतात्मा कसं म्हणणार?”

खरा वाद इथून पेटला. पमीनं अभिजित गाडगीळांचं नाव काढलं. फ्लाइट लेफ्टनंट, १७ सप्टेंबर २००१, सुरतगड, मिग-२१. चूक वैमानिकाची होती हा डाग पुसण्यासाठी त्यांची आई वर्षानुवर्षं झगडली. २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनीच संसदेत आकडे दिले होते. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, त्यांत १७१ वैमानिक दगावले. “१७१ घरं आहेत ती,” पमी म्हणाली. “आणि नाशिकचे निनाद मांडवगणे? बडगामला २७ फेब्रुवारी २०१९ ला आपल्याच क्षेपणास्त्रानं त्यांचं हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलप्रमुखांनी नंतर चूक कबूल केली. ते कुठल्या खान्यात?”

मन्याकडं उत्तर नव्हतं. आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं.

काका बराच वेळ कप हातात फिरवत बसले होते. मग म्हणाले, “उड्डाणाआधी फॉर्म ७०० असतो. आम्ही आपापल्या कामाच्या सह्या करायच्या, शेवटी पायलट सही करतो, म्हणजे विमान त्याच्या ताब्यात. एकदा एकजण माझंच पेन घेऊन सही करून गेला. परत आला नाही. सरावच होता. त्याला ठाऊक नव्हतं का, या विमानांचं काय होतं ते? त्याच्या डोळ्यांदेखत दोस्त गेले होते. तरी रोज सही करायचा.” थोडं थांबून म्हणाले, “ते पेन मी पुन्हा वापरलं नाही.”

माझ्यापुरता वाद तिथं मिटला. आहुती पडायच्या क्षणी दिली जात नाही, ती सही करताना दिलेली असते. युद्ध असो, सराव असो. अण्णांना हे पटलं. मन्या म्हणाला, “विचार करतो.” त्याचा विचार चाललाय हे दिसत होतं.

अकरा फोटोंवरून मात्र एकमत झालं नाही. वर्गणी दिलेल्यांना तोंड कसं दाखवू, ही मन्याची अडचण खरी आहे. पण सहाचा आकडा गेला. हुतात्मा आला. सेखोंच्या नावाखाली एक ओळ वाढली, ‘आणि सरावाच्या उड्डाणांवरून न परतलेले सर्व वैमानिक’. ती पमीनं स्वतः टाइप केली. १४ तारखेला पुष्पचक्र काकांनी वाहायचं ठरलं. ते आधी नको म्हणाले, मग म्हणाले, “पेन घेऊन येतो.”

मन्यानं फ्लेक्सवाल्याला फोन लावला. “सुखोई काढ. नॅट टाक. नॅट, न वर चंद्र, पुढं ट—”

तेवढ्यात लोहगावहून विमान उठलं. या वेळी मन्या थांबला. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आवाज विरल्यावर तो फोनवर म्हणाला, “हां, नॅट. छोटं असतं. फोटो पाठवतो.”