खंजिरी वाजली की शब्द का बुडतो?

आपल्या भागातल्या कम्युनिटी रेडिओवाल्यांना कळकळीनं सांगणं आहे. अर्धा तास रिकामा राहिला की फिल्मी गाणी टाकून मोकळं होऊ नका. निदान निम्मे कार्यक्रम गावकऱ्यांच्या सहभागातून व्हावेत, असा परवान्याचा नियमच आहे. १०० वॉटचा ट्रान्समीटर, फार तर ३० मीटरचा टॉवर, म्हणजे साधारण १०-१५ किलोमीटरचा टापू. त्यात भजनी मंडळं काय कमी आहेत? फिल्मी गाणी तर लोकांच्या मोबाइलमध्ये आधीच भरलेली असतात.

"पण आपल्या लोकांचं रेकॉर्डिंग ऐकवत नाही," असं म्हणतात. गाणारा बहुतेक वेळा चांगलाच असतो, चुकते ती माइकची जागा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन घ्या. एकच माइक मधोमध ठेवला की खंजिरीच्या कडेच्या धातूच्या चकत्यांचा आवाज सगळ्यांवर चढतो. त्यात एफएमवर आवाज सोडताना वरच्या पट्टीतला भाग मुद्दाम उचललेला असतो. आपल्याकडे हे प्री-एम्फसिस ५० मायक्रोसेकंदांचं आहे, म्हणजे १० किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबलची वाढ. चकत्यांची किणकिण नेमकी तिकडेच. लिमिटर, म्हणजे आवाज ठरल्या मर्यादेच्या वर जाऊ न देणारं यंत्र, तिला दाबायला जातो आणि गाणाऱ्याचा आवाजही सोबत खाली ओढतो. दर थापेला एक शब्द गेला! स्टुडिओतल्या हेडफोनवर हे कळत नाही, म्हणून तपासणी साध्या एफएम रेडिओवर करा.

गायक वेगळा असेल तर त्याला डायनॅमिक माइक द्या, तोंडापासून वीतभर, आणि खंजिरीवाल्याला दीड-दोन मीटर दूर, माइकच्या पाठीकडे बसवा; तिकडचा आवाज तो कमी पकडतो. गायकच खंजिरी वाजवत असेल तर माइक हनुवटीखालून वर तोंड करून लावा. मग माइकची पाठ खंजिरीकडे राहते. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. तरी किणकिण टोचली तर ६ किलोहर्ट्झच्या वर तीन-चार डेसिबल उतरवा, जास्त नको, नाहीतर खंजिरी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. देवळाच्या सभामंडपात फरशीमुळे आवाज घुमतो. खाली सतरंज्या, मागं गाद्या, आणि पंखे-कूलर बंद. भजन लांबलं तर ते ध्रुपदावर परत आल्यावरच कापा, अंतऱ्यात कधीच नाही.

भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच शोभतात. पहिल्या संध्याकाळी लावायची तर रेकॉर्डिंग आदल्या वर्षीचं हाताशी हवं. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायच्या यमकी ओळी, लहान असतात, दोन कार्यक्रमांच्या मध्ये चपखल बसतात. मात्र त्यात कोणाचं नाव घेऊन टोला हाणलाय का, ते आधी ऐकून घ्या. गोंडी रेला, म्हणजे गोंडांची नाचगाणी, लावताना निवेदन गोंडीतच करा, त्याच गावच्या माणसाकडून.

हक्कांचं भान ठेवा. ओव्या, झडत्या परंपरेच्या आहेत. पण भजनाला सिनेमाची चाल असेल तर त्या चालीचा मालक वेगळा. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत. परवानगी लेखी घ्या आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच वहीत गाव, मंडळ, गायक, वादक आणि त्यांची संमती लिहून सही घ्या. प्रसारणाची वेळ मंडळाला आदल्या दिवशीच फोन करून कळवा, म्हणजे वेचणीला जाणाऱ्या बाया कानात इअरफोन घालूनच वावरात निघतील.