बुधाचा दाखला आणि 1.7 सेकंद

सर, विश्वाचं प्रसरण वेगानं वाढतंय याला कृष्ण ऊर्जा (हा वेग वाढवते असं मानलेली, न दिसणारी ऊर्जा) नव्हे, तर गुरुत्वाकर्षणाचा अपुरा नियम कारणीभूत असावा, ही तुमच्या लेखातली बाजू पटण्यासारखी आहे. तिला इतिहासाचा आधारही आहे. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना तेव्हा न दिसणारा ग्रह मानला गेला आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाचीही कक्षा चुकत होती. तिथंही असाच एक ग्रह मानला, पण तो कधी सापडलाच नाही. 1915 मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि बुधाची कक्षा जुळली. आता आपल्यासमोर नेपच्यून आहे की बुध, म्हणजे न दिसणारं काही आहे की नियमच अपुरा, हाच प्रश्न.

पण एक मोठी गोष्ट लेखात राहून गेली. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) पकडल्या गेल्या आणि 1.7 सेकंदांनी त्याच टकरीचे गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, पोचले. सुमारे 13 कोटी वर्षांचा प्रवास, अन् फरक एवढासा! म्हणजे दोघांचा वेग जवळजवळ सारखाच. लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा सांगणारे गुरुत्वाकर्षणाचे कितीतरी सुधारित सिद्धांत त्या एका निरीक्षणानं बाद झाले. सगळे नाही, एफ-आर नावाच्या गटातले, म्हणजे आइन्स्टाइनच्या समीकरणात थोडा बदल करणारे, अजून टिकून आहेत.

मी रिसोड तालुक्यातला शेतकरी, बीएस्सी झालेला. रानडुकरांपायी तुरीत जागल करताना आभाळ रोजच समोर असते. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होतेय. सर, पुढचा लेख त्यावर लिहाच, आमची पोरं वाट पाहताहेत.